सोयाबीनची चकती अन् पोरांच्या लॅबचं सॉफ्टवेअर: एका निवडीची पूर्ण गोष्ट

सगळं सुरू झालं एका पासवर्डपासून.

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासून १४ किलोमीटर, पाचवी ते दहावी. जुन्या पोषण आहाराच्या खोलीत आम्ही पोरांसाठी मेकरस्पेस, म्हणजे हातानं वस्तू करून पाहायची लॅब, केली. पोट्टे तिला खटपट खोली म्हणतात अन् आता आम्ही मास्तरलोकही तेच म्हणतो. ९ कॉम्प्युटर, एक थ्रीडी प्रिंटर (प्लास्टिकचे थरावर थर चढवून वस्तू करते तो), सोल्डरिंगचं सामान, दोन व्हर्निअर कॅलिपर, एक हातड्रिल. सरकारी योजनेतल्या अटल टिंकरिंग लॅबला कसं एकदाचे १० लाख अन् पुढं चालवायला आणखी १० लाखापर्यंत मिळतात, तसं आमचं काही नाही, लोकवर्गणी अन् दोन-चार माजी विद्यार्थ्यांच्या पैशावर उभं राहिलेलं काम आहे, त्यामुळं एखादी वस्तू घ्यायची म्हटलं की चार महिने विचार चालतो. वस्तूचं डिझाइन काढायच्या सॉफ्टवेअरला पैसे लागत नव्हते म्हणून त्याचा विचार कोणी चार मिनिटंही केला नव्हता, अन् तिथंच आम्ही फसलो.

लॅब बघणाऱ्या सरांची बदली झाली. माणूस लय चांगला, आजही फोन लावला तर उचलतात. पण पोरांनी दोन वर्षांत केलेली सगळी डिझाइनं एका ऑनलाइन खात्यात होती, ते खातं सरांच्या घरगुती मेलवर होतं, अन् मेलचा ओटीपी जायचा त्यांच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर. दोष त्या साइटचा नाही, आमचाच. शाळेच्या नावानं खातं काढायला कोणाला पाच मिनिटं मिळाली नाहीत. हाती उरला एक पेनड्राइव्ह, त्यात ३०-४० एसटीएल फायली.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एसटीएल म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर अंथरलेले नुसते त्रिकोण, त्यात हे भोक ८ मिलिमीटरचं आहे अशी माहिती नसते, मिलिमीटर की इंच हेसुद्धा लिहिलेलं नसते. प्रिंटरला तेवढं पुरते, पण बदल करायचा म्हटलं की ती भाजलेली पोळी आहे, तिची परत कणीक होत नाही. अन् आमच्याकडं बदल करायची वेळ लगेच आली, कारण एका पोराचा बाप बी पेरायच्या टोकण यंत्राची चकती घेऊन शाळेत आला. मागच्या वर्षी पोरांनीच करून दिलेली, सोयाबीनची. म्हणे, "सर, तुरीसाठी अशीच करून द्या ना, दाणे कमी पडले पाहिजे फक्त." फक्त!

चकतीचा हिशोब

हे यंत्र तुम्ही पाहिलं असन, एका चाकाचं, हातानं ढकलायचं. चाक फिरलं की आतली चकती फिरते, तिच्या कडेला खाचे असतात, एका खाच्यात एक दाणा बसतो अन् खाली पडतो. आमच्या इथल्या यंत्रात चकती सरळ चाकाच्या आसावरच आहे, म्हणजे चाकाचा एक फेरा तर चकतीचाही एकच फेरा. चाकाचा व्यास ४० सेमी, तर परीघ झाला साधारण १२५.७ सेमी. सोयाबीन ४५ बाय ५ वर पेरतात, म्हणजे दोन दाण्यांत ५ सेमी, म्हणून खाचे पाहिजेत २५. तुरीला दोन झाडांत २० सेमी धरलं तर ६ खाचे. हरभऱ्याला १० सेमी, तिथं भागाकार येते साडेबाराच्या जवळ, त्याची मजा पुढं सांगतो.

म्हणजे वस्तू एकच, आकडे तीन: खाचे किती, खाचा केवढा, चकतीचा व्यास किती. पीक बदललं की पहिले दोन बदलतात. मला हे त्या बापासमोर उभं असतानाच लक्षात आलं की आपल्याला सॉफ्टवेअर निवडायचं ते याच चकतीवर निवडायचं, कारण आपल्या पोरांसमोर येणारं काम हे असंच राहणार, नवीन सुंदर काही काढा असं कोणी सांगत नाही, आहे त्यात जरा बदल करून द्या म्हणतात. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब, म्हणजे अशीच वस्तू करायच्या मशीनांची कार्यशाळा, सुरू झाली, तिथंही गावाची गरज आधी अन् मशीन नंतर असाच क्रम आहे, तर हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं शहाणपण नाही.

ज्याचं त्याचं म्हणणं

हेडसरांनी मीटिंग लावली. म्हटलं चला, चहापाण्यात अर्ध्या तासात उरकते. अडीच तास चालली.

तालुक्याला कॉम्प्युटर क्लास चालवणारा एक भाऊ आला होता, त्याचं म्हणणं कोरलड्रॉ शिकवा. "काहून म्हणता? फ्लेक्सवाला, पत्रिकावाला, रेडियमवाला, सबन कोरलवरच बसून हाय ना बाप्पा. पोट्टं दहावी झालं की दुकानात उभं राहते." बोलणं खोटं नव्हतं. पण कोरल विकतचं, अन् चोरीची कॉपी शाळेत टाकायची नाही एवढं आमचं आधीच ठरलेलं होतं, अन् मुख्य म्हणजे ते सपाट कामाचं आहे, चकतीला जाडी असते.

आयटीआयमधले एक निदेशक म्हणाले ऑटोकॅड, आराखडे काढायचं. माजी विद्यार्थी, आता अमरावतीला इंजिनिअरिंगला, त्यानं फ्यूजन हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर सांगितलं अन् मोबाईलवर असं काही झकास मॉडेल फिरवून दाखवलं की हेडसर तिथंच हो म्हणत होते. फ्यूजन खरंच ताकदीचं आहे, मी नाव ठेवत नाही. पण त्याचं शिक्षणाचं फुकट लायसन दरवर्षी नव्यानं घ्यावं लागते, काम क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरवर, राहते, अन् नेटशिवाय चालवायचं तर दोन आठवडे, मग परत एकदा नेटला जोडा. घरगुती वापराच्या फुकट लायसनवर २०२० मध्ये एका वेळी १० च चालू फायलींची मर्यादा आली. स्केचअप या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरचंही तसंच, २०१२ मध्ये ते गूगलकडून ट्रिंबलकडं गेलं, कॉम्प्युटरवर टाकायची फुकट मेक आवृत्ती २०१७ ला थांबली, मग फुकटवाल्यांनी ब्राउझरमध्ये या. कंपनीचा माल, कंपनीची मर्जी, त्यात राग धरायसारखं काही नाही. पण ज्या शाळेत एका बदलीनं दोन वर्षांचं काम हरवते, तिथं दरवर्षी कोणीतरी आठवणीनं लायसन नवीन करन यावर मी माझी उजवी मिशी लावायला तयार नव्हतो.

सगळ्यात कामाचं बोलले आमचे क्लार्क दादा. ते कोपऱ्यात हजेरीपट भरत होते, मान वर न करता म्हणाले, "तुमी गेल्यावर पुढचा मास्तर कोनतं उघडन ते पाहा पहिले." मीटिंगमधलं माझ्या वहीत लिहिलेलं हेच एक वाक्य.

तीन गट, एक चकती

कागदावर भांडून काही होत नाही म्हणून आम्ही परीक्षाच लावली. सातवी ते नववीचे १२ जण, ४-४ चे तीन गट. एकाला टिंकरकॅड, दुसऱ्याला फ्रीकॅड, तिसऱ्याला ओपनस्कॅड, तिन्ही थ्रीडी डिझाइनची फुकट सॉफ्टवेअरं. काम सगळ्यांना एकच, सोयाबीनची २५ खाच्यांची चकती, व्यास १४० मिमी, म्हणजे प्रिंटरच्या २२० बाय २२० मिमीच्या बेडवर (वस्तू ज्यावर तयार होते तो पाट) आरामात बसते. दाणा किती मोठा हे कोणीच सांगितलं नाही, वाटीभर बी अन् कॅलिपर दिला, २० दाणे मोजा अन् ठरवा. (सोयाबीन गोल असते असं आपण म्हणतो, मोजायला बसलं की कळते ते किती गोल आहे ते.) अन् एक गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती, की चकती झाली की मी म्हणणार आहे, आता तुरीची करा.

टिंकरकॅडवाल्यांनी ४० मिनिटांत चकती केली. बाकीचे दोन गट अजून बटणं शोधत होते. टिंकरकॅड ब्राउझरात चालते, ऑटोडेस्कचं आहे, फुकट आहे, मास्तरनं वर्गाचा कोड दिला की पोराला स्वतःचा मेलही लागत नाही. ठोकळा घ्या, भोक घ्या, एकत्र करा, झालं. सातवीतली पोरगी पहिल्या तासाला वस्तू घेऊन बाहेर पडते, ही छोटी गोष्ट नाही, कारण पहिल्या तासाला काहीच झालं नाही तर ती दुसऱ्या तासाला येत नाही.

पण मी खाचे मोजले तर २४ निघाले. म्हटलं एक कुठं गेला? तर झालं असं, तिथं वस्तू स्वतःच्याच मध्याभोवती फिरते, चकतीच्या मध्याभोवती नाही. म्हणून पोरांनी डोकं चालवलं, समोरासमोरच्या दोन खाच्यांची जोडी बांधली, म्हणजे जोडीचा मध्य बरोबर चकतीच्या मध्यावर आला, अन् ती जोडी १५-१५ अंशानं फिरवत गेले. जुगाड एकदम मस्त. फक्त जोडीनं २५ होत नाहीत, २४ होतात. "सर, एका दान्यानं काय होते?" खरंच फार काही होत नाही, ५ च्या जागी सव्वापाच सेमी. पण मला ते टोचलं. पेरणीचा आकडा शेतकऱ्यानं ठरवायचा, सॉफ्टवेअरला जमते म्हणून बदलायचा नाही.

ओपनस्कॅडमध्ये चित्र काढतच नाहीत, लिहितात. एवढ्या व्यासाची चकती, त्यातून एवढे खाचे वजा कर, एवढ्या अंशानं फिरवून. नववीतल्या एका गणितवेड्या पोरानं १२-१३ ओळींत सगळं बसवलं, बरोबर २५. फाईल म्हणजे साधा मजकूर, वही हरवली तरी फोनवर वाचून दाखवता येते, जुन्यात जुन्या मशीनवर चालते. मला स्वतःला हेच सगळ्यात आवडलं, खोटं कशाला बोलू. पण गटातले बाकीचे तीन जण दोन दिवस त्याच्या खांद्यामागं उभे होते. एक कंस चुकला की सगळं गायब, अन् आपल्या पोरांना इंग्रजी टायपिंगचीच दमछाक.

फ्रीकॅडवाल्यांचे दोन दिवस नुसते रडण्यात गेले. त्यात आधी कागदावर काढल्यासारखं सपाट स्केच काढायचं, मग प्रत्येक रेषेला बांधायचं, ही आडवी, हे वर्तुळ मध्यावर, हा व्यास १४०. पूर्ण बांधलं गेलं की स्केच हिरवं होते. नाही बांधलं तर रेष ओढली की पळते, जास्त बांधलं तर ओरडते. "सर, हे हिरवं काहून नाई होऊन राह्यलं?" हे वाक्य मी त्या आठवड्यात शंभरदा ऐकलं असन. तिसऱ्या दिवशी जमलं. एक खाचा काढायचा अन् त्याला सांगायचं गोल फिरवून २५ कर, की झालं.

मग मी म्हटलं, आता तूर.

टिंकरकॅडचा गट जवळजवळ पहिल्यापासून बसला, २५ मिनिटं लागली. ओपनस्कॅडवाल्यानं दोन आकडे बदलले. फ्रीकॅडवाल्या आठवीतल्या पोरीनं २५ खोडून ६ लिहिलं, स्केचमध्ये खाच्याचं माप बदललं अन् माझ्याकडं बघत बसली. मिनिटही नाही झालं. अन् गंमत म्हणजे गटातल्या चौघांपैकी कोणालाही उठवून बसवलं तरी जमत होतं, कारण २५ कुठं लिहिलाय ते डोळ्यांना दिसते.

तरी लगेच फ्रीकॅड ठरलं नाही

कारण मशीन. ९ पैकी ६ वर विंडोज ७ होतं. क्रोमनं विंडोज ७ ला २०२३ च्या सुरुवातीलाच सोडलं, १०९ ही शेवटची आवृत्ती, म्हणजे ब्राउझरवाला रस्ताही त्या मशीनवर दिवसेंदिवस बंदच होत जाणार. त्या ६ वर आम्ही विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स मिंट टाकलं, एक रविवार गेला. ४ जीबी रॅमवर फ्रीकॅड चकतीएवढं काम निवांत करते. २ जीबीवाली दोन मशीनं मात्र हातच जोडतात, त्यांना इंकस्केप (सपाट चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) अन् लिखापढी.

दुसरं, फ्रीकॅडची एक जुनी खोड. समजा गल्लीतल्या घरांना ओळीनं नंबर दिले, मधात एक घर पाडलं, की पुढच्या सगळ्यांचे नंबर सरकले, अन् पोस्टमन तुमची चिठ्ठी शेजाऱ्याच्या दारात टाकते. तसं आधीच्या स्केचमध्ये काही बदललं की नंतर गोल केलेली कड भलत्याच जागी जायची. २०२४ च्या नोव्हेंबरात १.० आवृत्ती आली त्यात हे बरंच निस्तरलं. म्हणून आम्ही १.० च्या खालची आवृत्ती ठेवायची नाही असं ठरवलं. अन् याच्यातूनच दुसरी गोष्ट शिकलो, फ्रीकॅड असलेल्या सगळ्या मशीनवर एकच आवृत्ती. आधी दोन मशीनवर ०.२१ राहून गेली होती, नवीनमध्ये केलेली फाईल तिथं नीट उघडेना अन् पोरं एकमेकांवर आरोप करत बसली की तूच बिघडवली.

तिसरं मराठीचं. पोरांना चकतीवर शाळेचं नाव पाहिजे होतं, पाहिजेच ना. फ्रीकॅडच्या अक्षराच्या टूलमध्ये 'विद्यालय' टाकलं तर वेलांटी व च्या पुढं जाऊन बसली अन् द्य चे तुकडे झाले. अक्षरं आहेत, पण त्यांना जोडणारं कोणी नाही. इंकस्केपमध्ये तेच नाव युनिकोड फॉन्टमध्ये एकदम बरोबर उमटते, मग त्याची रेष करून टाकायची, एसव्हीजी (रेषांच्या चित्राची फाईल) काढायची अन् ती फ्रीकॅडमध्ये आणून जाडी द्यायची. फ्लेक्सवाल्याकडून नाव टाइप करून आणू नका, युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असलं तर तुमच्याकडं उघडल्यावर एबीसीडीचा भुसा दिसते.

शेवटी जे ठरलं

सहावी-सातवीला टिंकरकॅड, नेट असन त्या दिवशी, खातं शाळेच्या मेलवर. आठवीपासून पुढं फ्रीकॅड, हेच लॅबचं स्टँडर्ड. सपाट कामाला अन् अक्षरांना इंकस्केप, प्रिंटच्या आधी क्यूरा, ते वस्तूचे थर पाडून प्रिंटरला समजन अशी फाईल करते. ओपनस्कॅड सगळ्या मशीनवर टाकून ठेवलं, ज्याला वेड लागलं त्यानं वापरावं, सक्ती नाही.

माझ्या मते खरं स्टँडर्ड सॉफ्टवेअरचं नव्हतंच, फायलींचं होतं. कोणतीही वस्तू पूर्ण झाली म्हणायची तर तीन फायली पाहिजेत: मूळ फाईल, स्टेप फाईल अन् एसटीएल. स्टेप यासाठी की उद्या फ्रीकॅड सोडून दुसरं काही आलं तरी त्यात वस्तू वस्तूसारखी उघडते, त्रिकोणांचा ढीग होत नाही. अन् चौथं म्हणजे रजिस्टर, जाड कव्हरवालं, क्लार्क दादांनी स्टॉक रजिस्टरातलंच एक दिलं. त्यात हातानं चित्र, मापं, कोणासाठी केलं, काय बिघडलं. लाईट नसली तरी ते उघडते.

लेसर कटिंग आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी करून आणतो. तिथं एकदा माप लहान होऊन आलं, कारण फाईल एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना एककं बदलली. इंकस्केपच्या ०.९२ आवृत्तीपासून इंचाला ९० चे ९६ ठिपके झाले, जुन्या फायलीत तेवढ्यानंच शंभरात सहा-सातचा फरक पडू शकते. आता प्रत्येक फायलीच्या कोपऱ्यात १०० मिमीची एक रेष असते अन् तिच्यावर लिहिलेलं असते, "दादा, ही मोजून पाहा, १०० नसली तर कापू नका." दुकानदार हसला, पण मोजते.

नोकरीच्या मुद्द्यावर त्या इंजिनिअरिंगवाल्या पोराशी माझं नंतर निवांत बोलणं झालं. त्याला आमच्या आठवीच्या पोरीचं हिरवं स्केच दाखवलं, तो म्हणाला सर हे तर सेमच आहे, आमच्याकडं पण आधी स्केच बांधा मगच पुढं जा. तेच तर. पोरांनी फ्रीकॅडमधल्या आज्ञांना आपली नावं ठेवलीत, पॅड म्हणजे उभं कर, पॉकेट म्हणजे खड्डा, फिलेट म्हणजे कोपरा घास. बटण कुठल्याही कंपनीचं असो, कोपरा घासायचाच आहे.

काय चुकलं, काय चालू आहे

पहिली तुरीची चकती पीएलए प्लास्टिकची होती. जूनमध्ये दुपारी ती मोटरसायकलच्या काळ्या सीटवर ठेवून माणूस चहाला गेला, आला तर पापड. पीएलए ६० अंशाच्या आसपास नरम पडते, अन् आपल्या उन्हात काळी सीट तेवढी तापते. आता शेतात जाणारी वस्तू पीईटीजी नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये, ते साधारण ८० पर्यंत धरते. म्हणजे सॉफ्टवेअरवर एवढा काथ्याकूट केला अन् दगा दिला प्लास्टिकनं!

एका गटाला फवारणी पंपाचं नोझल करायचं होतं, त्याला मी साफ नाही म्हटलं. थरावर थर बसवून केलेली वस्तू दाबाखाली थरातून पाझरते, अन् आत औषध असते. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली हे पोरांना माहीत आहे, समजवावं लागलं नाही. त्यांनी मग पंपाची दांडी अडकवायची क्लिप केली, ती चालू आहे.

लाईटचं दुखणं आहेच. चकतीला तीन तास लागतात अन् अडीच तासावर लाईट गेली की गेलं. प्रिंट आता सकाळच्या प्रार्थनेआधी लावतो, तेव्हा गावाला लाईट देणाऱ्या गावठाण फीडरवरून लाईट जरा कमी जाते.

गेल्या पंधरवड्यात मी निवडणुकीच्या ड्युटीवर होतो अन् लॅबची चावी दुसऱ्या मॅडमकडं, ज्यांनी फ्रीकॅड कधी उघडलेलं नाही. हरभऱ्याची चकती मागायला दोघं जण आले. मॅडमनी रजिस्टर काढलं, आठवीतल्या त्या पोरीला (आता नववीत आहे) बसवलं, अन् मी परत येईस्तोवर चकत्या तयार. एक नाही, दोन. कारण १२ खाचे घेतले तर दोन दाण्यांत साडेदहा सेमी पडते अन् १३ घेतले तर ९.७, अन् तिचं म्हणणं १३, मॅडमचं म्हणणं १२, दोघींचं भांडण काही मिटेना. रजिस्टरात दोन्हींच्या पुढं "पेरणीनंतर पाहू" लिहून ठेवलंय, मॅडमच्या अक्षरात, खाली पोरीची सही.